न काढलेली भिंत : संतचरित्रांतील चित्रे आणि आपले वाचन

१

मराठी संतचरित्रांची समीक्षा आजवर शब्दांचीच झाली. महिपतीची ओवी, तिच्यातले चमत्कार, नाभाजींच्या ‘भक्तमाला’शी तिचे नाते, संतांचे काळ आणि त्यांच्या जन्मगावांचे वाद यांवर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली. ज्या घरांत ही चरित्रे गेली, त्या घरांतल्या बहुसंख्य माणसांनी मात्र ती आधी पाहिली, नंतर ऐकली आणि सर्वांत शेवटी, अक्षर आले तर, वाचली. पोथीतले चित्र, भिंतीवरची तसबीर, कॅलेंडर आणि पुढे सिनेमाचा पडदा यांनी संतांचे जे रूप डोळ्यांत बसवले, त्याच रूपाला धरून आपण शब्द वाचत गेलो. म्हणून माझे म्हणणे असे की, चित्र हे पोथीची सजावट नाही. ते पोथीवरचे भाष्य आहे. आणि भाष्य म्हटले की ते कोणी केले, कोणासाठी केले आणि काय गाळून केले, हे विचारण्याचा अधिकार वाचकाला येतो. तो अधिकार आपण दलित वाचकांनी आजवर फारसा वापरलेला नाही.

या भाष्याचा कारखाना आमच्या परिसरापासून दूर नव्हता. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना काही काळ घाटकोपरात होता. १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जर्मन यंत्रे, जर्मन तंत्रज्ञ आणि पुराणातले देव यांच्या मिलाफातून देवादिकांची एक रंगीत भाषा तयार झाली : गोरटेली कांती, मऊ प्रकाश, डोक्यामागे तेजोवलय, अंगावर भरजरी वस्त्र. त्याआधी पुण्याच्या चित्रशाळेनेही १८७८ पासून शिळाछापाची चित्रे घरोघर पोचवायला सुरुवात केली होती. ज्यांना देवळाचे दार बंद होते त्यांच्याही झोपडीत आता काही आण्यांत देव येऊ लागला, ही घटना लहान नव्हे. ती मी नाकारत नाही. पण देव झोपडीत आला तो कोणाच्या नजरेतून उतरलेला होता, हाही प्रश्न तितकाच मोठा आहे.

महिपतींनी ‘भक्तविजय’ १७६२ साली लिहिला आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ साली. महिपती ताहराबादचे कुलकर्णी. त्यांच्या ग्रंथाला श्रोता अभिप्रेत आहे, प्रेक्षक नाही. श्रोता ऐकताना आपल्या मनाने चित्र काढतो. महारवाड्यातला श्रोता चोखोबाचा चेहरा आपल्या बापासारखा काढील, बामणवाड्यातला श्रोता निराळा काढील. छापील चित्र आले आणि हे स्वातंत्र्य गेले. आता सर्वांच्या मनात एकच चोखोबा. तो कोणता, ते पाहू.

२

गेली काही वर्षे घाटकोपर आणि मुलुंडच्या फुटपाथवर, रद्दीच्या दुकानांत, तसबिरींना चौकटी करून देणाऱ्यांकडे मिळतील त्या जुन्या पोथ्या, संतांची बालचरित्रे आणि चित्रे मी जमवतो आहे. संग्रह मोठा नाही, पण त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. प्रत्येक संताच्या आयुष्यातला एकच क्षण चित्रासाठी निवडला जातो आणि तोच क्षण छापखान्यामागून छापखाना गिरवत राहतो. गोरोबांच्या पायाखाली चिखलात मूल. सावतोबांच्या मळ्यात देव. जनाबाईच्या जात्याच्या खुंट्याला देवाचा हात. तुकोबांसाठी आकाशातून उतरलेले विमान. आणि चोखोबा? चोखोबा महाद्वाराशी, पायरीखाली, हात जोडून.

हा क्षण चरित्रात आहे का? आहे. पण चरित्रात तेवढेच नाही. महिपतींच्याच कथेत देव चोखोबाचा हात धरून त्याला रात्री गाभाऱ्यात नेतो. पुजारी त्याला हाकलतात. तो चंद्रभागेपलीकडे राहू लागतो आणि देव त्याच्याकडे जेवायला जातो. सोयराबाईच्या हातून दही देवाच्या पीतांबरावर सांडते. चोखोबाचे बोलणे ऐकून ब्राह्मण त्याच्या थोबाडीत मारतो आणि नंतर पाहतो तर मूर्तीचा गाल सुजलेला. म्हणजे कथेतला चोखोबा बाहेर आहे तसाच आत आहे. तो मार खाणारा आहे तसाच देवाला वाढणारा यजमान आहे. इतक्या हालचालीच्या आयुष्यातून चित्रकाराने जो क्षण उचलला, त्यात काहीच हलत नाही. देव आत, चोखोबा बाहेर, मध्ये पायरी. व्यवस्थेला जशी रचना हवी, तशीच चित्राची रचना झाली.

गालाच्या प्रसंगाबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण सगळा दोष चित्रकाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. थप्पड चोखोबाला बसली. गाल मात्र देवाचा सुजला. श्रोते हळहळले ते देवासाठी. ज्याला मारले त्या माणसाच्या गालाचे काय झाले, ते कथा विचारत नाही. माणसाची जखम देवाच्या अंगावर गेली की ती पवित्र होते आणि माणूस मोकळा राहतो, पुन्हा मार खायला. ही युक्ती शब्दाची आहे. चित्राने ती पुरी केली. कथेने चोखोबाचा गाल विसरला, चित्राने चोखोबाचा हात जोडून टाकला.

आता याच चोखोबाच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत, ते वाचा. त्यांतला चोखोबा नुसता हात जोडून उभा नाही. तो सोवळे म्हणजे काय, विटाळ कोठून आला, विटाळावाचून कोण जन्मले, असे विचारतो. सोयराबाई देहाच्या विटाळाची उलटतपासणी घेते. मुलगा कर्ममेळा तर देवालाच धारेवर धरतो. आम्हाला अशा जन्माला का घातलेस म्हणून जाब मागतो. निर्मळा आणि बंका हेही अभंगकार. एका महार घरातली पाच माणसे चौदाव्या शतकात कविता करीत होती! जगाच्या वाङ्मयात असे घर किती सापडेल? पण माझ्या संग्रहातल्या चित्रांत हे घर कोठेही नाही. चोखोबा एकटा आहे. त्याला बायको नाही, बहीण नाही, मुलगा नाही. एकट्या माणसाची कीव करता येते. प्रश्न विचारणाऱ्या घराला उत्तर द्यावे लागते.

३

आणखी एक चित्र मराठी माणसाच्या फार जिव्हाळ्याचे आहे. भर उन्हात गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात महाराचे मूल रडते आहे आणि एकनाथ महाराजांनी ते कडेवर उचलले आहे. मुलाला नाव नाही. नाथांचा चेहरा करुणेने भरलेला. शाळेच्या पुस्तकांपासून कॅलेंडरापर्यंत हे चित्र सर्वत्र गेले. नाथांनी मूल उचलले ही गोष्ट चांगलीच. ज्या काळात सावली चालत नव्हती त्या काळात हे धैर्यच होते. पण त्याच नाथांच्या चरित्रात राण्या महार नावाचा एक प्रौढ माणूस आहे. तो कीर्तनाला येतो, दूर बसून ऐकतो, ऐकलेल्याचा विचार करतो आणि सर्वांभूती ईश्वर आहे तर तो आमच्यात आहे की नाही, अशा अंगाचा प्रश्न नाथांना करतो. मग तो आणि त्याची बायको नाथांना जेवायला बोलावतात, आणि नाथ जातात.

आता विचारा की, राण्या महाराचे चित्र घरोघर का लागले नाही? माझे उत्तर साधे आहे. रडणारे मूल काही विचारत नाही. राण्या विचारतो. मुलाला उचलले की उचलणारा मोठा होतो आणि उचलून घेणारा लहानच राहतो. राण्याच्या घरी पाटावर बसले की दोघांची उंची एक होते. चित्र निवडणाऱ्याने उंचीतला फरक निवडला. दलित म्हणजे मूल, सवर्ण संत म्हणजे आई, हे नाते या एका चित्राने पिढ्यांच्या मनात असे रुजवले की पुढे ‘उद्धार’ हा शब्द त्यावर सहज उगवला.

ही तक्रार आजची नाही. व्ही. शांताराम यांनी १९३५ साली नाथांवर ‘धर्मात्मा’ हा चित्रपट काढला; बालगंधर्व नाथ झाले होते. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांचे ‘जातिनिर्मूलन’ प्रसिद्ध झाले आणि गांधीजींना दिलेल्या त्यांच्या उत्तरासह दुसरी आवृत्ती १९३७ साली आली. त्या उत्तरात बाबासाहेबांनी या चित्रपटाचे नाव घेऊन टीप दिली आहे. तिचा आशय असा : पडद्यावर नाथ अस्पृश्यांना शिवले, त्यांच्यात जेवले म्हणून नायक ठरतात; पण ते जातीला विरोध म्हणून तसे वागले नाहीत, तर तो विटाळ गंगास्नानाने धुऊन जातो अशी त्यांची समजूत होती म्हणून. नाथांविषयीचा हा निवाडा कोणाला कठोर वाटेल. पण समीक्षेच्या दृष्टीने त्यातली दिशा पाहा. पडद्यावरचे चित्र लोकांच्या मनात ग्रंथाची जागा घेत आहे, हे बाबासाहेबांनी चित्रपट नवा असतानाच ओळखले आणि चित्राला ग्रंथासमोर उभे करून जाब विचारला. याच उत्तरात ते पुढे सांगतात की, संत हा अनुकरणाचा विषय झाला नाही, पूजेचा झाला. संताने जात मोडली तरी सामान्याने मोडू नये, अशीच शिकवण लोकांना मिळाली. तसबीर नेमके हेच करते. जे भिंतीवर चढते ते पूजनीय होते, आणि जे पूजनीय होते ते आपल्याला करायचे नसते.

तुकोबांचे तेच झाले. दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. चित्रपट म्हणून त्याची थोरवी मी मानतो. जिजाईचा रोखठोक संसार त्याने जितक्या मायेने दाखवला तितका पोथ्यांनी दाखवला नव्हता. पण विष्णुपंत पागनीसांचा तो मवाळ, अर्धोन्मीलित चेहरा पुढे कॅलेंडरांवर तुकोबांचा चेहरा झाला, आणि गरुडाचे विमान हा तुकोबांचा मृत्यू झाला. वह्या बुडवायला लावणारे, धर्माच्या नावाने छळणारे लोक कथेत होते. विमान आले आणि त्यांच्यावरचा खटला मिटला. ज्या माणसाचा शेवट इतका सुंदर दिसतो त्याच्या शेवटाची चौकशी कोण करणार? आ. ह. साळुंखे यांनी १९९७ साली ‘विद्रोही तुकाराम’ लिहिले तेव्हा त्यांना पंडितांशी जितके झगडावे लागले, त्याहून अधिक त्या विमानाशी झगडावे लागले असेल.

आणि रोहिदास. उत्तरेकडून आलेल्या चित्रांत रोहिदास आपली छाती फाडून कातडीखालचे सोन्याचे जानवे दाखवतात. ही कथा ‘भक्तमाला’वरच्या प्रियादासांच्या १७१२ च्या टीकेतली. चांभार थोर निघाला, तेव्हा तो आतून ब्राह्मण असलाच पाहिजे, एवढाच तिचा अर्थ. रांपी हातात घेऊन चामडे कापणारा माणूस या चित्रात स्वतःचेच चामडे कापतो, आणि कशासाठी, तर दुसऱ्याच्या श्रेष्ठत्वाचे चिन्ह आपल्या अंगात सापडावे म्हणून! याहून क्रूर चित्र मी पाहिलेले नाही, आणि ते भक्तिभावाने पुजले जाते.

जनाबाईच्या चित्राकडेही असेच पाहावे. देव तिच्याबरोबर दळतो. चित्र गोड आहे. पण दळण कोणाचे? ज्यांच्या घरी ती दासी होती त्या घराचे. ते घर चित्राच्या चौकटीबाहेर राहते. देव मदतीला आला की मालकाला मदतीला यावे लागत नाही, मजुरी वाढवावी लागत नाही. दासीचे दुःख देवाने वाटून घेतले, दासीपण तसेच राहिले.

४

आता ज्या चित्रासाठी हा लेख लिहिला, त्याकडे येतो. ते चित्र अस्तित्वातच नाही. निदान मला जमवलेल्या पोथ्यांत आणि तसबिरींत ते आढळलेले नाही.

चोखोबा मेला कसा? परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू होते. महार म्हणून त्यालाही त्या कामावर जावे लागले. भिंत कोसळली आणि कामावरची माणसे तिच्याखाली गाडली गेली. हा काळ १३३८ चा सांगतात. पुढे नामदेव तेथे गेले आणि ढिगाऱ्यातून चोखोबाची हाडे वेचली; ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबाची. ती पंढरीस आणून महाद्वारासमोर पुरली. आजही तेथे समाधी आहे.

विचार करा. ज्या गावकुसाच्या आत त्याला राहता येत नव्हते ते गावकूस बांधताना तो मेला. एवढा मोठा अर्थ ज्या मृत्यूत भरला आहे, त्याचे चित्र एकाही छापखान्याला काढावेसे वाटू नये? युरोपातली संतचरित्रे पाहा. तेराव्या शतकात संकलित झालेली ‘सुवर्णकथा’ कॅक्स्टनने १४८३ साली लाकडी ठशांच्या चित्रांसह इंग्रजीत छापली. त्या परंपरेत संत ओळखला जातो तो त्याला ज्याने छळले त्या साधनावरून. कॅथरीनजवळ चाक, लॉरेन्सजवळ लोखंडी जाळी, सेबॅस्टियनच्या अंगात बाण. निरक्षर शेतकरीही चाक पाहून संत ओळखी, आणि ओळखताना अत्याचार आठवी. त्या धर्मानेही पुढे अत्याचार केलेच, तो वेगळा प्रश्न. पण तेथे जखम चित्रातून पुसली गेली नाही. आमच्याकडे चोखोबाचे चिन्ह भिंत व्हायला हवे होते. ते झाले जोडलेले हात. कारण चाक फिरवणारा राजा परधर्मी होता, मेलेला होता. भिंत बांधून घेणारे मात्र गावात होते, आणि पोथीचे गिऱ्हाईकही तेच होते.

शिवाय चोखोबा त्या भिंतीखाली एकटा मेला नाही. त्याच्याबरोबर मेलेल्यांची हाडे मुकी होती, म्हणून वेचली गेली नाहीत. नाम घेणारे हाड पंढरीला गेले, बाकीची हाडे मंगळवेढ्याच्या मातीत राहिली. त्या बाकीच्या माणसांचे चरित्र कोणी लिहिले नाही. चित्रात भिंत आली असती, तर निदान तेवढ्यापुरती ती माणसे आपल्याला दिसली असती.

माझ्या एका स्नेह्याने यावर म्हटले, ‘दादा, १९५६ नंतर आपल्याला चोखोबाशी काय कर्तव्य? ती तसबीर आपण उतरवली, प्रश्न संपला.’ अनेक घरांतून ती उतरली हे खरे, आणि उतरवणाऱ्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. हात जोडलेले पूर्वज मुलांसमोर टांगायचे नाहीत, हा निर्णय स्वाभिमानाचा होता. पण बाबासाहेबांनी १९४८ साली आपला ‘अस्पृश्य मूळचे कोण’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, हेही विसरता येत नाही. त्यांनी तसबीर नाकारली, माणूस नाकारला नाही. आपण मात्र तसबिरीबरोबर माणूसही बाहेर टाकला आणि त्याचे अभंग, सोयराबाईचे अभंग, कर्ममेळ्याचा जाब, सारे ज्यांनी तसबीर काढली त्यांच्याच ताब्यात देऊन मोकळे झालो.

५

चित्र म्हणजे निरुपद्रवी वस्तू, असे घाटकोपरच्या माणसाला तरी कोणी सांगू नये. ११ जुलै १९९७ रोजी माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, वस्ती रस्त्यावर आली आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० माणसे मेली. रूपाची सत्ता किती, हे ज्यांनी घाव घातला त्यांना ठाऊक होते आणि ज्यांनी घाव सोसला त्यांनाही. बाबासाहेबांच्या त्या रूपाकडे पाहा. एका हातात ग्रंथ आहे. दुसऱ्या हाताचे बोट पुढे आहे. चोखोबाच्या जोडलेल्या हातांनंतर सहाशे वर्षांनी हे हात सुटले, आणि सुटलेला हात पाहवत नाही म्हणूनच तो तोडण्याचे प्रयत्न ठिकठिकाणी होत असतात.

पण येथेच मला आपल्या लोकांशीही बोलायचे आहे. बाबासाहेबांच्या डोक्यामागे आता तेजोवलय येऊ लागले आहे. त्यांच्या सचित्र बालचरित्रांत तेच दोन-तीन प्रसंग गिरवले जातात. न्यूयॉर्क आणि लंडनचे ग्रंथालय, मजुरांच्या प्रश्नावरचे काम, हिंदू कोड बिलासाठी दिलेला राजीनामा यांची चित्रे कमी. म्हणजे रविवर्म्याची भाषा आपल्या दारातूनही आत येत आहे. ज्या रीतीने चोखोबाचा प्रश्न गेला आणि हात राहिले, त्याच रीतीने उद्या बाबासाहेबांचा ग्रंथ रंगीत ठोकळा होईल आणि बोट नुसते बोट राहील.

दुसरी वाट नाही असे नाही. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी २०११ साली ‘भीमायन’ चितारले. माणसांना चौकोनी घरांत कोंडायचे नाही, असे त्यांनी आधीच ठरवले. त्यात मायेचे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतात आणि अपमानाचे शब्द विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात. वाचकाला प्रत्येक पान फिरवून, शोधून वाचावे लागते. नुसता नमस्कार करून पुढे जाता येत नाही. पिंगुळीचे ठाकर चित्रकथीही चित्र दाखवताना बोलतात, गातात. त्यांच्या परंपरेत चित्र कधी एकटे सोडत नाहीत. ही दोन्ही उदाहरणे आदिवासींची आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्यांनी देवळाच्या पायरीवरून जग पाहिले नाही, त्यांच्या चित्रात पायरी येत नाही.

म्हणून आपले काम दुहेरी आहे. जुनी सचित्र संतचरित्रे समोर घेऊन प्रत्येक चित्राला विचारायचे : हाच क्षण का? चौकटीबाहेर कोण राहिले? हात कोणाचे जोडलेले आहेत आणि कोणाचे मोकळे? आणि आपल्या चित्रकारांना सांगायचे की, चोखोबाचे चरित्र पुन्हा काढा. सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा यांच्यासह काढा. राण्या महाराला नाथांसमोर पाटावर बसवा. आणि मंगळवेढ्याची भिंत काढा, तिच्याखालच्या सगळ्या माणसांसकट. मग ते चित्र कोणाच्या भिंतीवर लागते आणि कोणाला खुपते, ते आपल्याला समजेल.